मिनिमम भरण्याची सवय

क्रेडिट कार्डाच्या मासिक बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम, म्हणजे बोलीतला ‘मिनिमम’. मिनिमम काढण्याची रीत बँकेगणिक बदलते. अनेक कार्डांवर तो थकबाकीच्या सुमारे ५ टक्के असतो. तो वेळेत भरला की विलंबशुल्क लागत नाही आणि खाते थकल्याची नोंद होत नाही. उरलेल्या रकमेवर व्याज मात्र चालू राहते. केवळ मिनिमम भरत राहिल्यास फेड वर्षानुवर्षे लांबते, अशी सूचना रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बिलावर छापावी लागते. बारीक अक्षरांतली ही ओळ सहसा वाचली जात नाही.

बिनव्याजी मुदत कशी संपते

कार्डावरील खरेदीला ठरावीक दिवस व्याज लागत नाही. बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघत असेल आणि भरणा ३० तारखेपर्यंत करायचा असेल, तर ११ तारखेच्या खरेदीला जवळपास ५० दिवस मिळतात. ९ तारखेच्या खरेदीला जेमतेम तीन आठवडे. ही सवलत मागचे बिल पूर्ण भरले असेल तरच टिकते. थोडीही बाकी राहिली की बिनव्याजी मुदत स्थगित होते. मग किराणा, पेट्रोल, औषधे अशा नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज धरले जाते. एटीएममधून कार्डावर काढलेल्या रोख रकमेला ही मुदत कधीच नसते. तिथे व्याज पहिल्या दिवसापासून लागते आणि रोख काढण्याचे शुल्क वेगळे.

व्याजाचे गणित

कार्डावर दरमहा ३ ते ३.७५ टक्के व्याज सर्रास आढळते. महिन्याचा आकडा लहान दिसतो, दरमहा ३.५ टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. व्याजावर १८ टक्के जीएसटी असतो. म्हणजे १ लाख रुपयांच्या थकबाकीवर एका महिन्यात ३,५०० रुपये व्याज आणि ६३० रुपये कर, मिळून ४,१३० रुपये होतात. मिनिमम म्हणून ५,००० रुपये भरले, तर मूळ बाकी घटते फक्त ८७० रुपयांनी.

हाच क्रम वर्षभर चालला, कार्डावर एकही नवी खरेदी झाली नाही आणि दरमहा बाकीच्या ५ टक्के भरणा होत राहिला, तरी वर्षात सुमारे ५७,००० रुपये खिशातून जातात आणि बाकी ९०,००० रुपयांच्या आसपास उरते. त्याच थकबाकीवर दरमहा १०,००० रुपये भरले, तर ती चौदाव्या हप्त्यात संपते. १४ टक्के वार्षिक व्याजाने दोन वर्षांचे वैयक्तिक कर्ज काढून कार्ड एकदम फेडले, तर त्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ४,८०० रुपये येतो. म्हणजे सुरुवातीच्या मिनिममपेक्षाही कमी रक्कम दरमहा भरून २४ महिन्यांत देणे संपते.

दरांवर कायद्याची वरची मर्यादा असेल, या आशेवर राहू नये. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला.

घर या चक्रात कसे शिरते

सुरुवात क्वचितच चैनीने होते. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तके, पावसाळ्याआधी छपराची डागडुजी, गणपती-दिवाळीचा खर्च, गाडीच्या विम्याचा वार्षिक हप्ता, घरातले एखादे लग्न. यांतले बहुतेक खर्च आधीपासून माहीत असतात, पण महिन्याच्या हिशेबात त्यांना जागा नसते. ते आले की कार्ड पुढे केले जाते आणि ऋण काढून सण साजरा होतो. पुढच्या पगारात दोन महिन्यांचा खर्च मावत नाही, म्हणून ‘या वेळी मिनिमम भरू’ असे ठरते. ते एका महिन्यापुरते राहत नाही. बिनव्याजी मुदत गेल्यामुळे पुढचे बिल आपसूक फुगते.

दुसऱ्या टप्प्यात एका कार्डाची रोख काढून दुसऱ्याचे बिल भरले जाते किंवा मर्यादा वाढवून घेतली जाते. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर वस्तू घेण्याचाही मोह वाढतो. अशा हप्त्यांत व्याजाइतकी सूट किमतीत दिलेली असते, पण प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी ग्राहकाकडेच राहतो. पाच-सहा वस्तूंचे छोटे हप्ते एकत्र आले की पगाराचा मोठा भाग महिना उजाडण्याआधीच बांधला जातो.

बाहेर पडण्याचा क्रम

पहिले काम म्हणजे सर्व देणी एका कागदावर मांडणे: कोणाची, किती, कोणत्या दराने, कोणत्या तारखेला. हा कागद पती-पत्नी दोघांनीही पाहिलेला असावा. लपवलेले कर्ज फेडताना घरखर्चाला कात्री लावता येत नाही.

त्यानंतर थकबाकी असलेल्या कार्डावरची खरेदी पूर्ण थांबवावी. शॉपिंगच्या आणि जेवण मागवण्याच्या ॲपमध्ये साठवलेला कार्ड क्रमांक काढून टाकावा. रोजचा खर्च डेबिट कार्ड, यूपीआय किंवा रोखीने करावा.

तिसऱ्या पायरीवर महाग कर्जाची जागा स्वस्त कर्जाने घ्यावी. बँकेत ७ टक्क्यांची मुदत ठेव ठेवून कार्डावर ४२ टक्के भरणे तोट्याचेच आहे. आणीबाणीपुरती रक्कम राखून ठेव मोडावी किंवा तिच्यावर कर्ज घ्यावे. सोने तारण कर्ज, विमा पॉलिसीवरील कर्ज किंवा वैयक्तिक कर्ज हेही मार्ग आहेत. कार्ड देणारी बँक थकबाकीचे हप्ते बांधून देते. तिचा दर आणि शुल्क विचारून तुलना करावी. नवे कर्ज मिळाल्यावर मोकळे झालेले कार्ड पुन्हा वापरले, तर दोन कर्जे उभी राहतात. अनेकांची फेड याच ठिकाणी फसते.

अनेक कार्डे असतील तर सगळ्यांचा मिनिमम भरून उरलेला प्रत्येक रुपया सर्वांत जास्त व्याजाच्या कार्डाकडे वळवावा.

थोडी रक्कम घेऊन खाते मिटवण्याचा प्रस्ताव वसुली करणाऱ्यांकडून येतो. त्याने देणे संपते, पण पतअहवालात ‘पूर्ण फेडले’ ऐवजी ‘तडजोड’ अशी नोंद होते आणि पुढे घरकर्ज मागताना ती आडवी येते. दुसरा मार्गच नसेल तर अटी लेखी घ्याव्यात आणि भरण्यानंतर ना-देय प्रमाणपत्र मिळवावे. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून

वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची यादी करून बेरजेला १२ ने भागावे. फी, विमा, सण आणि दुरुस्ती मिळून ७२,००० रुपये होत असतील, तर दरमहा ६,००० रुपये पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आवर्ती ठेवीत किंवा वेगळ्या बचत खात्यात जावेत. आजारपण आणि नोकरी जाण्यासाठी तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाइतका निधी निराळा उभारावा. तो पूर्ण होईपर्यंत एका महिन्याच्या खर्चाइतकी रक्कमही कार्डाची गरज बरीच कमी करते.

कार्ड ठेवायचे असेल तर बँक खात्यातून आपोआप होणारा भरणा एकूण रकमेचा लावावा. अर्ज भरताना तिथे मिनिममचा पर्यायही असतो, तो निवडला गेला नाही ना हे तपासावे. बिलाचे चक्र बदलून घेण्याची सोय असते. भरण्याची शेवटची तारीख पगारानंतरच्या आठवड्यात आणावी. नको असलेले कार्ड बाकी शून्य करून लेखी अर्जाने बंद करावे. बँकेने ते ७ कामकाजी दिवसांत बंद करायचे असते. उशीर झाल्यास दररोज ५०० रुपये ग्राहकाला देणे लागते.

आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी, खर्च वहीत किंवा मोबाइलवर उतरवावा. भारतातील चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. ३०० ते ९०० या पट्टीवरील गुणांसोबत त्यात प्रत्येक कर्ज चालू आहे की बंद हे दिसते. फेडलेले कार्ड तिथे अजून थकलेले दिसत असेल, तर ना-देय प्रमाणपत्र जोडून बँकेकडे आणि त्या कंपनीकडे दुरुस्तीचा अर्ज करावा.