जुनी पिकअप रंगवायची का? आधी वही काढा, मग पेंटर गाठा



पोळा झाला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजसमोर गाड्या उभ्या राहायला लागतात. पुढे नवरात्र असतं, तुळजापूरची गर्दी असते, दसऱ्याला गाडीची पूजा असते आणि पाठोपाठ सोयाबीनचा सीझन. या दिवसांत मला हमखास एक प्रश्न येतो. "सर, पिकअप २०१४ ची आहे. इंजिन चांगलंय, पण रंग पार गेलाय. पेंटरनं ३८,००० सांगितलेत. करू का?"

व्हिडिओत मी याचं उत्तर थोडक्यात दिलं होतं. इथे हिशोब सविस्तर मांडतो. आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या गावचे दर वेगळे असतील. तेव्हा वाचता वाचता तुमचे आकडे शेजारी लिहीत चला.

आधी माझी चूक ऐका

धंद्यात नवीन असताना आमच्या घरी एक जुनी पिकअप होती. दसऱ्याच्या आधी हातात थोडे पैसे आले. मागचे दोन टायर गुळगुळीत झाले होते, ते बदलायचे ठरले होते. पण रंग उडालेली गाडी पूजेला कशी लावायची, म्हणून मी ते पैसे रंगाला घातले. गाडी अशी चमकली की गल्लीतले लोक बघायला आले.

महिनाभरात सोयाबीनची पोती घेऊन बार्शीच्या मार्केटला निघालो आणि येरमाळ्याच्या अलीकडे मागचा टायर फुटला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. पण दुसरी गाडी बोलावून माल उतरवून भरावा लागला आणि त्या दिवशीचा सौदा हुकला. ज्या शेतकऱ्याचा माल होता, त्यानं पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही. बिचाऱ्यानं तोंडानं काही म्हटलं नाही, फक्त फोन केला नाही.

रंग वाईट झाला नव्हता. पैसे चुकीच्या जागी गेले होते. आजचा धडा हाच आहे: रंग चांगला की वाईट हे विचारू नका. हा रंग माझ्या गाडीसाठी नेमकं कोणतं काम करणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे विचारा.

१. रंग कशानं गेलाय, उन्हानं की गंजानं?

पहिलं काम पेंटरकडे जाण्याआधीचं. सकाळी गाडी धुवा, उजेडात उभी करा आणि तासभर बघा.

आपला जिल्हा कमी पावसाचा. कोकणातल्या गाडीला खारी हवा आणि चार महिन्यांचा धो-धो पाऊस खातो. आपल्याकडे मुख्य शत्रू ऊन. उन्हानं टप, बोनेट आणि दारं फिकी पडतात, रंग पांढुरका होतो, हात फिरवला की भुकटी लागते. दिसायला वाईट दिसतं, पण खालचा पत्रा शाबूत असतो. उन्हानं गेलेला रंग गाडीचं आयुष्य कमी करत नाही.

गंजाची गोष्ट वेगळी. आपल्या पिकअपला गंज लागतो तो ठरावीक जागी: हौद्याच्या तळाला, फाळक्याच्या बिजागरीजवळ, मडगार्डच्या आतून, दाराच्या खालच्या कडेला, पायदानाला. खताची पोती वाहणाऱ्या आणि शेळ्या-जनावरं बाजाराला नेणाऱ्या गाड्यांचा हौदा आधी जातो. खत आणि मूत्र दोन्ही लोखंडाला खातात. गाडी रिकामी झाल्यावर हौदा धुतला नाही, तर रंग कितीही भारी असो, टिकत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं संशयाच्या जागी ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा आहे. बद्द आवाज आला किंवा पोपडा निघाला तर आत गंज आहे. एक छोटं लोहचुंबक फिरवा. पत्र्याला ते चिकटतं, जाड पुट्टीवर चिकटत नाही. आधीच्या मालकानं कुठं काय झाकलंय, ते लगेच कळतं.

वहीत दोन याद्या करा: "ऊन" आणि "गंज". गंजाच्या यादीला पैसे लागणारच. उन्हाच्या यादीला लागतीलच असं नाही.

२. पेंटरचा आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे

पेंटर ३८,००० म्हणाला की आपण ३८,००० च धरतो. खरा खर्च असा मांडा:

- पेंटरची मजुरी आणि माल: ३८,०००
- गाडी ८ दिवस उभी. रोज डिझेल वजा जाता ९०० रुपये सुटतात असं धरलं, तर: ७,२००
- रिफ्लेक्टर टेप, नाव-अक्षरं, रबर पट्ट्या आणि किरकोळ: २,३००
- एकूण: ४७,५००

बघा, जवळजवळ साडेनऊ हजार आपण मोजतच नव्हतो. पेंटरनं आठ दिवस सांगितले आणि बारा लागले, तर आणखी ३,६०० वाढतात. त्यात दसऱ्याच्या आधी प्रत्येक गॅरेजला गर्दी.

आता गाडी अजून ४ वर्षं वापरायची आहे असं धरू. ४७,५०० भागिले ४८ महिने, म्हणजे महिन्याला साधारण ९९० रुपये. एका खेपेला तुम्हाला ४५० रुपये सुटत असतील, तर केवळ रंगामुळे दर महिन्याला ३ खेपा जास्त मिळाल्या पाहिजेत. तेही सलग चार वर्षं. गाडी दोनच वर्षांत विकणार असाल तर हा आकडा दुप्पट होतो.

३. हे पैसे परत कुठून येणार?

तीनच वाटा आहेत. एकेक तपासू.

पहिली वाट, भाडं. सोयाबीन, तूर, खत, सिमेंट किंवा जनावरं भरणारा माणूस रंग बघत नाही. तो भाव बघतो, वेळेवर येतो का ते बघतो आणि ताडपत्री फाटकी नाही ना ते बघतो. पण काही गिऱ्हाइकं गाडी बघून काम देतात. कंपनीचा डिस्ट्रिब्युटर, डेअरी, बेकरी, केटरिंगवाले, भूम-कुंथलगिरी पट्ट्यातला खवा बाहेरगावी पाठवणारे व्यापारी. खाण्याचा माल गंजक्या हौद्यातून दुकानासमोर उतरलेला कुणाला आवडेल?

असं गिऱ्हाईक नजरेत असेल तर रंगवण्याआधी जाऊन विचारा: "गाडी स्वच्छ रंगवून आणली तर महिन्याला किती खेपा देता?" ते म्हणाले ८ खेपा, तर ८ गुणिले ४५० म्हणजे ३,६०० रुपये. तुमचे ४७,५०० साधारण १४ महिन्यांत सुटले. हा रंग म्हणजे गुंतवणूक. पण ते नुसतं "बघू, या तुम्ही" म्हणाले, तर वहीत शून्य लिहा.

दुसरी वाट, विक्री. "रंगवली की चांगला भाव येईल" हा सगळ्यात महागडा गैरसमज. जुन्या गाड्यांचा जाणकार ताजा रंग बघून खूश होत नाही, त्याला शंका येते. अपघात झाकलाय का? पत्रा सडलाय का? तो दाराच्या कडा आणि बोनेटच्या आतली बाजू बघतो.

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. दोन गाडी-व्यापाऱ्यांना गाडी दाखवा आणि दोन प्रश्न विचारा: आहे तशी कितीला घ्याल? रंगवून आणली तर कितीला घ्याल? समजा उत्तर आलं २,४०,००० आणि २,५५,०००. फरक १५,०००, खर्च ४७,५००. म्हणजे ३२,५०० रुपये घालून तुम्ही पुढच्या मालकाची गाडी रंगवून दिलीत. विकायची असेल तर धुवा, पॉलिश करा, हौदा साफ करा आणि सर्व्हिसची बिलं हातात ठेवा.

तिसरी वाट, पत्रा वाचवणं. हीच वाट सगळ्यांना लागू पडते. आज हौद्याला हातभर जागी गंज आहे. तो घासून, वेल्डिंग करून, प्रायमर मारून थांबवला नाही तर दोन पावसाळ्यांनी अख्खा तळ बदलावा लागेल. पण त्यासाठी पूर्ण गाडी रंगवायची गरज नाही.

४. मधला रस्ता

बहुतेक जणांसाठी मला हाच पटतो:

- सडलेला तळ कापून नवा पत्रा, वेल्डिंग: ५,५००
- हौदा आणि फाळके घासून प्रायमर, वर इनॅमल: ४,५००
- केबिनला रबिंग आणि पॉलिश: १,५००
- रिफ्लेक्टर टेप: ५००
- गाडी ३ दिवस उभी: २,७००
- एकूण: १४,७००

चार वर्षांत वाटला तर महिन्याला साधारण ३०६ रुपये. गंज थांबला आणि गाडीही नीटनेटकी झाली. पूर्ण रंगापेक्षा ३२,८०० रुपये वाचले. त्यातून टायर, ब्रेक, विमा यापैकी जे थकलंय ते आधी मिटवा. रस्त्यावर जीव वाचवतं ते ब्रेक आणि टायर.

५. पूर्ण रंगवायचंच ठरलं, तर

१. रंग तोच ठेवा. गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. पांढऱ्याची निळी करायची असेल तर आधी आरटीओ कार्यालयात जा. कर्ज चालू असेल तर फायनान्सवाल्यांनाही विचारा.

२. पासिंगची तारीख बघा. मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. २०१४ ची गाडी म्हणजे दरवर्षी. पासिंगसाठी दिवे, ब्रेक, टेप ही कामं होणारच असतात, त्याच वेळी रंग उरकला तर गाडी दोनदा उभी राहत नाही.

३. नंबर प्लेट काढू देऊ नका. नव्या एचएसआरपी प्लेटचं लॉक एकदाच बसतं. काढलं की तुटतं, परत नवं लावून घ्यावं लागतं. प्लेट कागद-टेपनं झाकून रंग मारायला सांगा. चेसिस नंबरवरही रंगाचा जाड थर नको, पासिंगला तो वाचता आला पाहिजे.

४. गंजावर पुट्टी भरू देऊ नका. गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचा, मग प्रायमर, मग पुट्टी. गंज तसाच ठेवून पुट्टी भरली तर तो आतून पसरतो आणि वर्षभरात फुगवटे येतात. पुट्टी भरण्याच्या दिवशी स्वतः गॅरेजला जा, फोटो काढा.

५. कोणता रंग ते कागदावर घ्या. एनसी स्वस्त, लवकर वाळतो, पण उन्हात लवकर निस्तेज होतो. पीयू महाग, हार्डनर घालून मारतात, चमक जास्त टिकते. दर पीयूचा आणि मारला एनसी, असं होऊ नये. ॲडव्हान्स थोडा द्या, बाकी काम बघून.

६. दमट दिवस टाळा. पावसाळी हवेत रंगावर पांढरट झाक येऊ शकते. पाऊस संपल्यावर, तुमच्या खेपा कमी असतात ते दिवस निवडा. बुडालेल्या दिवसांचा खर्चही कमी होतो.

६. "बिल लावू, टॅक्स वाचेल" या भरवशावर राहू नका

एक-दोन पिकअप असलेले बरेच जण गाडीमागे अंदाजित उत्पन्न धरून विवरणपत्र भरतात. आपल्या पिकअपसारख्या हलक्या मालवाहू गाडीला त्यात महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरतात. या पद्धतीत रंगाचं बिल वेगळं वजा होत नाही. तुमची पद्धत कोणती ते सीएला विचारा. आणि उधारीवर रंग तर नकोच. व्याज धरलं की वरचा सगळा हिशोब आणखी बिघडतो.

शेवटी मनातली गोष्ट

काही जण म्हणतात, "सर, हिशोब पटला. पण पाहुण्यांच्या लग्नाला ही गाडी न्यायला लाज वाटते." मी याला हसत नाही. ज्या गाडीनं पोरांच्या शाळेची फी भरली, ती चांगली दिसावी असं वाटणं चुकीचं नाही. फक्त त्या खर्चाला धंद्याचा खर्च म्हणू नका. तो घरचा, हौसेचा खर्च आहे. टायर, विमा, पासिंग, हप्ता हे सगळं बाजूला काढून पैसे उरले तर खुशाल रंगवा आणि आनंदानं पूजा करा. उरले नाहीत, तर धुतलेल्या गाडीला झेंडूचा हार तेवढाच शोभतो.

आजचा गृहपाठ. वहीत पाच ओळी लिहा:

१. रंग गेलाय तो उन्हानं की गंजानं?
२. बुडालेले दिवस धरून एकूण खर्च किती?
३. गाडी अजून किती महिने ठेवणार? महिन्याला किती पडले?
४. रंगामुळे नक्की मिळणाऱ्या खेपा किती? (शब्द दिलेलं गिऱ्हाईकच धरा.)
५. टायर, ब्रेक, विमा, पासिंग यातलं काय बाकी आहे?

चौथ्या ओळीतल्या खेपांचे पैसे तिसऱ्या ओळीतल्या आकड्यापेक्षा जास्त आणि पाचवी ओळ रिकामी असेल, तर गाडी घाला गॅरेजला. नसेल तर मधला रस्ता घ्या.

उत्तर काहीही येवो, ते तुमच्या वहीतून आलेलं असू द्या. भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी सांभाळून चालवा.