हापशाकडे पाहा, हापसणाऱ्याकडेही पाहा

एखादे साधन चांगले की वाईट, हे कसे ठरवावे? त्याची मोजमापे कागदावर मांडता येतात. पण माणसे ते प्रत्यक्षात कसे वापरतात, हे पाहिल्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही. ढोकीच्या आसपासच्या विद्यार्थ्यांना उदाहरणासाठी दूर जायला नको. बोअरवरचा हापसाच घ्या.

आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. १९६० नंतरच्या काळात, आणि विशेषतः १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, या खडकात यंत्राने विंधन विहिरी खोदल्या गेल्या. त्यांवर बसवलेले बिडाचे पंप मुळात परदेशातल्या धर्तीचे होते. एका कुटुंबाने दिवसातून थोडा वेळ वापरावा, एवढाच त्यांचा हिशेब. इथे त्यांच्यापुढे पहाटेपासून साऱ्या गावाच्या घागरींची रांग लागली. खिळी झिजल्या, बीड तडकले, पंप बंद पडले. ‘बायकांना नीट हापसता येत नाही’ असे म्हणणारे शहाणे तेव्हाही असतील. चूक हापसणारीची नव्हती, तिला न पाहता केलेल्या रचनेची होती.

यावर महाराष्ट्रातच तोड निघाली. जालना आणि सोलापूर येथे पोलादी, दणकट पंप तयार झाले. त्यांतल्या सोलापूर पंपाच्या कल्पनेवर १९७० च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार व रिचर्डसन अँड क्रूडास कंपनी यांनी ‘इंडिया मार्क टू’ घडवला. आपल्या ओळखीचा हापसा तो हाच.

याच्या डोक्यात एक गंमत आहे. दांडा ही तरफ. तिचे टोक वर्तुळाच्या कमानीत फिरते, आणि दट्ट्याची सळई तर सरळ उभी चालली पाहिजे. साध्या खिळीने दोन्ही जोडले तर सळई बाजूला ओढली जाते आणि सांधा झिजतो. म्हणून दांड्याच्या आतल्या टोकाला टेकूभोवतीचा कमानदार तुकडा दिला आणि त्यावरून साखळी सोडली. दांडा कुठेही असो, साखळी सरळ वरच ओढते.

आता ताकदीचे गणित करू. पंचपात्राचा व्यास ६३.५ मिलिमीटर आहे. पाणी ३० मीटर खोल असेल, तर दट्ट्यावरच्या पाण्याचे ओझे सुमारे ९५ किलो भरते. तरफ सुमारे ८ पट फायदा देते, म्हणून हाताला सुमारे १२ किलोचा जोर लागतो. सळ्यांचे ओझे वेगळेच. दांडा भरीव व जड ठेवला आहे, तो त्यातला बराच भाग तोलण्यासाठी. दट्ट्या १२५ मिलिमीटर वर यायला हात जवळजवळ १ मीटर खाली जावा लागतो, आणि पाणी येते सुमारे ०.४ लिटर. १५ लिटरच्या घागरीला ३८ हापसे झाले!

हे झाले कागदावर. आता वही घेऊन हापशाजवळ अर्धा तास बसा. कोणाला काही शिकवू नका, नुसते पाहा. एक घागर भरायला किती हापसे लागले? पूर्ण फेरी कोण घेते, आणि आखूड फेऱ्या भराभर कोण मारते? वर गेलेला दांडा लहान मुलाच्या हाती येतो का, की ते उडी मारून त्याला लोंबकळते? दांडा झटक्याने वर नेला तर काय होते, हे जरूर पाहा. साखळीला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. दट्ट्या खाली जातो तो सळ्यांच्या वजनाने. बोअर उथळ असेल तर सळ्या थोड्या असतात, वजन कमी पडते, साखळी ढिली होते आणि पुढच्या ओढीला धक्का बसतो. खोल बोअरसाठी चांगली असलेली युक्ती इथे थोडी लंगडी पडते. त्यामुळे दोन खोलींच्या हापशांची टिपणे शेजारी ठेवून पाहावीत.

हापशाला हात लावणारा आणखी एक माणूस असतो, आणि तो नेहमी विसरला जातो. तो म्हणजे दुरुस्ती करणारा. मार्क टू मध्ये दट्ट्याचे झिजलेले वायसर बदलायचे तर सारे नळ वर काढावे लागत. त्यासाठी चार-पाच माणसे आणि अवजारे हवीत, आणि तोवर गाव कोरडे. पुढे मार्क थ्री आला. त्यात नळ एवढा रुंद केला की सळ्यांबरोबर दट्ट्या थेट त्यातूनच वर येतो. तुमच्या गावातला हापसा कोणता आहे? शेवटची दुरुस्ती किती माणसांनी केली आणि तोवर पाणी कुठून आणले, हे घरी आईला किंवा आजीला विचारून वहीत लिहा.