मैदानावर ‘मॅम’ म्हणायला वेळ नसतो

१. हुद्दा टचलाइनपाशी उतरवून ठेवावा लागतो, आणि उतरवताना तो जरा अडतो. मी अमेरिकी सैन्यात कॅप्टन, रसदीच्या कामावर. आठवडाभर ‘मॅम, मॅम’ ऐकायची कानांना सवय. आमच्या रग्बी सेव्हन्स संघात स्वीपरच्या जागी खेळते ती वयाने आणि हुद्द्यानेही सगळ्यांत धाकटी. मागून तिला अख्खं मैदान दिसतं, म्हणून बोलायचं तिने आणि हलायचं आम्ही. पहिल्याच सामन्यात माउथगार्ड दातांत धरून ती माझ्यावर खेकसली, “लेफ्ट! लेफ्ट! झोपलीस का?” मी मुकाट्याने डावीकडे सरकले. शिटी वाजल्यावर तिने पाण्याची बाटली पुढे केली, “घ्या, मॅम.” खेकसण्यापेक्षा मला ते ‘मॅम’च जास्त लागलं.

२. सात मिनिटं फार लांबलचक असतात. सात-सात मिनिटांचे दोन हाफ, मध्ये दोन मिनिटं उसंत. आईला सांगितलं तर म्हणाली, “अगं, एवढ्यासाठी विमानाने गेलीस?” पण मैदान पंधराजणींच्या रग्बीचंच, १०० मीटर लांब, ७० रुंद, राखायला सातजणी. सैन्याच्या चाचणीत दोन मैल पळते ते एका लयीत. इथे लय कसली? जीव खाऊन धावा, पाडा, उठा, परत धावा. चाचणीतले माझे गुण चौथ्या मिनिटापर्यंतसुद्धा पुरत नाहीत.

३. कबड्डी हाडांतून जात नाही. सातवीपर्यंत मिरजेच्या शाळेत मी कोपऱ्यावर खेळायचे. तिथेही सातजणी, आणि घोटा दिसला की झडप. त्यामुळे टॅकल मला लवकर जमलं. जड जातं ते सोडणं! इथे समोरचीला खाली आणलं की हात तत्काळ मोकळे करायचे, नाहीतर पेनल्टी. कबड्डीत सोडलं की गुण गेलाच. माझ्या बोटांना हा नियम अजून पटलेला नाही.

४. ट्राय झाला तरी मिरवायची सोय नाही. चेंडू रेषेपलीकडे टेकवला की वरची, जादा गुणांची किक ३० सेकंदांत, तीही ड्रॉप किक. आणि पुढचा किक-ऑफही ट्राय करणाऱ्यांनीच मारायचा. धापा टाकत आपणच चेंडू शत्रूच्या हवाली करायचा.

५. पदकाने ओळख मिळते, रजा नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलिया १२-७ने पुढे असताना शेवटच्या क्षणी अ‍ॅलेक्स सेड्रिक जवळजवळ अख्खं मैदान कापत धावली, वरची किकही तिनेच मारली, आणि अमेरिकेच्या मुलींना १४-१२ने कांस्य मिळालं. त्या संघातली सॅमी सलिव्हन आमच्याच सैन्यातली कॅप्टन, वर्ल्ड क्लास अ‍ॅथलीट प्रोग्रॅममधली. ‘मुलींची रग्बी?’ म्हणून भुवया उंचावणारे वरिष्ठ आता तिचं नाव घेऊन माझ्याशी बोलतात. माझा रजेचा अर्ज मात्र सह्यांसाठी फिरतोच आहे. पहिली सही करणारे गृहस्थ दर वेळी विचारतात, “चौदा मिनिटांच्या खेळाला आठवडाभर रजा कशाला?” त्यांची आणि आईची एकदा गाठ घालून द्यायला हवी.