बंद पेटीतील काम

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड शहराच्या दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटरांवर, थेम्स नदीच्या काठी अ‍ॅबिंग्डन नावाचे एक जुने गाव आहे. या गावात एके काळी मोटारींचा एक प्रसिद्ध कारखाना होता. 'मॉरिस गॅरेजेस' या नावाच्या आद्याक्षरांवरून तेथील गाड्यांना 'एम. जी.' असे म्हणत. आकाराने लहान, उंचीने बुटक्या आणि धावण्यात चपळ अशा त्या क्रीडामोटारी होत्या. एम. जी.चे अष्टकोनी चिन्ह लावलेल्या गाड्या आज भारतातील रस्त्यांवरही दिसतात. परंतु त्या गाड्या निराळ्या. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० सालीच बंद झाला.

तेथील सर्वांत लोकप्रिय गाडी म्हणजे 'एम. जी. बी.'. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. कारखाना गेला, तथापि गाड्या नाहीशा झाल्या नाहीत. त्यांतील पुष्कळ आजही धावत आहेत. हे कसे घडले? त्यांच्या मालकांनी घराशेजारच्या गाडीखान्यात, सुटीच्या दिवशी, बाह्या सरसावून त्या स्वतः दुरुस्त केल्या आणि जतन केल्या. चला, अशाच एका घरी आपण कल्पनेने जाऊ.

या घरी एक आजोबा आणि त्यांची बारा वर्षांची नात राहतात. आजोबांच्या वडिलांनी घेतलेली १९६४ सालची एम. जी. बी. अजून त्यांच्या दारात उभी असते. एके दिवशी फेरफटका मारून परत येताना आजोबा अचानक गप्प झाले आणि कान देऊन काहीतरी ऐकू लागले.

"तुला काही ऐकू येते का?" त्यांनी विचारले.

"हो, घरघर ऐकू येते," नात म्हणाली.

"आता ऐक." आजोबांनी तिसरा गिअर काढून चौथा घातला. घरघर एकदम थांबली.

"बरी झाली की गाडी!" नात आनंदाने म्हणाली.

आजोबा हसले. "बरी नाही झाली. रोग कोठे आहे ते तिने आपल्याला सांगितले."

घरी आल्यावर आजोबांनी कागदावर चित्र काढून नातीला गिअरपेटीची रचना समजावून दिली. तुम्ही सायकल चालवता. चढ लागला की पाय जड होतात आणि सपाट रस्त्यावर तेच पाय हलके वाटतात. मोटारीच्या इंजिनाचेही तसेच आहे. गाडी जागेवरून हलवायची, तर जोर पुष्कळ लागतो. एकदा ती धावू लागली म्हणजे वेग हवा असतो. इंजिनाच्या फिरण्याचे कधी जोरात, तर कधी वेगात रूपांतर करणारी दंतचक्रांची पेटी ती गिअरपेटी. या गाडीत पहिला गिअर घातला असता इंजिनाचे ३.६४ फेरे होतात, तेव्हा पेटीतून बाहेर पडणाऱ्या दांड्याचा एक फेरा होतो. दुसऱ्या गिअरमध्ये हे प्रमाण २.२१, तिसऱ्यात १.३७ आणि चौथ्यात बरोबर १ असते.

पेटीत मुख्य दांडे तीन. इंजिनाकडून येणारा पहिला, चाकांकडे जाणारा दुसरा. हे दोघे एका रेषेत असतात. पहिल्याच्या टोकाला आतून एक पोकळी असते, तीत दुसऱ्याचे टोक बसते. तिसरा दांडा या दोघांच्या खाली आडवा असतो आणि त्याच्यावर दंतचक्रांचा एक अखंड जुडगा फिरतो. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये सर्व भार वरून खालच्या जुडग्यावर येतो आणि तेथून पुन्हा वर जातो. चौथ्या गिअरमध्ये मात्र वरचे दोन्ही दांडे एकमेकांत अडकून एकच होतात. खालचा जुडगा फिरत राहतो, पण त्याच्यावर भार राहत नाही.

"मग चौथ्यात आवाज थांबला, याचा अर्थ रोग खालच्या दांड्यात आहे!" नात म्हणाली.

"शाबास! पेटी न उघडता तू तो शोधलास. आता पेटी उघडून त्याची खात्री करू."

पुढल्या शनिवारी कामाला आरंभ झाला. प्रथम विजेची तार सोडवली. मग गाडी उचलून भक्कम तिवयांवर ठेवली. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली कोणीही जायचे नाही, असा त्या घरचा कडक नियम होता. त्यानंतर गिअरपेटीतील तेल एका पसरट भांड्यात काढले. आजोबांनी त्या तेलातून लोहचुंबक फिरवला. त्याला पोलादाचे बारीक कण चिकटले. "हे आपल्या दांड्याचे अंग," ते म्हणाले. या गाडीत गिअरपेटी एकटी बाहेर येत नाही. इंजिन आणि पेटी दोन्ही मिळून वर काढावी लागतात. म्हणून शेजारचे दोन गृहस्थ मदतीला आले आणि साखळीच्या कप्पीने ते ओझे हळूहळू वर उचलले गेले.

रविवारी पेटी मेजावर आली. नातीकडे वहीचे काम होते. कोणता भाग कोठून निघाला, कोणती बाजू पुढे होती, एकूण नग किती, हे सर्व तिने क्रमाने लिहायचे. प्रत्येक भागासाठी निराळा डबा ठेवला होता. गिअर बदलणाऱ्या दांड्या ओढताना आजोबांनी त्यांच्यावर फडके धरले. कारण आत स्प्रिंगने दाबलेल्या लहान पोलादी गोळ्या असतात आणि संधी मिळताच त्या बंदुकीच्या गोळीसारख्या उडतात. एक गोळी त्यातूनही निसटली. ती शोधण्यासाठी अर्धा तास गेला, पण मिळाल्यावाचून कोणी पुढे सरकले नाही.

मग कांशाची वलये निघाली. त्यांचे काम मोठे गमतीचे आहे. चालत्या बैलगाडीत चढू पाहणारा माणूस आधी काही पावले गाडीच्या वेगाने चालतो आणि मग चढतो. तसा वेग जुळवला नाही, तर तो तोंडघशी पडतो. दंतचक्रांचेही असेच आहे. दोन चक्रांचे वेग जुळल्यावाचून त्यांचे दात एकमेकांत बसत नाहीत, खडखडाट मात्र होतो. कांशाचे वलय चक्राच्या निमुळत्या भागावर दाबले जाते आणि घर्षणाने दोघांचे वेग सारखे करते. ही युक्ती १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत प्रथम आली. आजोबांच्या गाडीत दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला अशी वलये होती, पहिल्याला नव्हती. म्हणून गाडी पुरती थांबल्यावाचून ते कधी पहिला गिअर घालीत नसत.

शेवटी खालचा दांडा बाहेर आला. आजोबांनी तो पुसून नातीच्या हाती दिला. "नख फिरवून पाहा." आरशासारख्या गुळगुळीत पोलादावर एका ठिकाणी नख अडखळले. तेथे देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे पडले होते.

आजोबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हे खड्डे मी पूर्वीही पाहिले आहेत. बारा वर्षांपूर्वी ही पेटी मी उघडली होती, तेव्हा दोनच होते. नवा दांडा मागवायचा, तर काम आठ दिवस लांबणार होते. मनात म्हटले, पेटी एकदा बंद झाली की हे दोन खड्डे कोणाला दिसणार? आणि जुनाच दांडा परत बसवला."

"मग कोणाला दिसले?" नातीने विचारले.

"कोणालाच नाही. पण दांड्याला ते ठाऊक होते."

या वेळी मात्र नवा दांडा, नवा जुडगा, नवी बेअरिंगे आणि नवी वलये मागवली. या गाड्यांचे भाग आजही नव्याने तयार होतात. माहितीची उणीव पडत नाही. कारण १९३० साली स्थापन झालेल्या 'एम. जी. कार क्लब' सारख्या संस्थांतून मालक आपले अनुभव एकमेकांना सांगत असतात.

जोडणीला पुढचा शनिवार उजाडला. जुडगा पेटीत पुढे-मागे किती हलतो, ते प्रथम मोजले. एका इंचाचे हजार भाग कल्पिले, तर त्यांतील दोन ते तीन भाग एवढीच मोकळीक हवी. ही जागा माणसाच्या केसाच्या जाडीएवढी असते! ती कमी झाली, तर जुडगा जखडतो. जास्त झाली, तर आपटतो. योग्य जाडीची चकती निवडून आजोबांनी ती साधली. मग जुडगा पेटीच्या तळाशी नुसता ठेवून दिला. वरचे दांडे बसल्यावर तो उचलून त्याच्यातून त्याचा दांडा घालायचा, असा या पेटीचा क्रम आहे.

पहिल्या दांड्याच्या टोकातील पोकळीत सुईसारखे पोलादी रूळ बसवायचे काम नातीकडे आले. रूळ सुटे असतात. पोकळीत ग्रीस लावून एकेक रूळ त्यात चिकटवायचा. तिने निम्मे रूळ लावले असतील, तोच बाहेरून मैत्रिणीची हाक आली. "आलेच," असे ओरडून तिने उरलेले रूळ घाईघाईने बसवले आणि वहीत त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. संध्याकाळपर्यंत पेटी पुरी झाली. झाकणे बसली, बोल्ट आवळले गेले. आजोबांनी दांडा हाताने फिरवला. सर्व गिअर लोण्यासारखे पडत होते.

आजोबा हात धुवायला गेले. नातीने फडकी झटकायला घेतली. टिण् असा आवाज करून काहीतरी फरशीवर पडले. तिने उचलून पाहिले. तो एक पोलादी रूळ होता.

तिच्या छातीत धस्स झाले. दिवसभराच्या श्रमांनी थकलेले आजोबा तिच्या डोळ्यांपुढे आले. रूळ इतका लहान होता की, मुठीत सहज लपला असता. पेटी बंद झाली होती, फिरतही नीट होती. एवढ्या रुळांत एक कमी पडल्याने काय होणार, असेही तिच्या मनात आले. ती मेजाशी गेली. मेजावर जुना, खड्डे पडलेला दांडा तसाच पडला होता. तिने त्याच्यावर पुन्हा एकदा नख फिरवले.

आजोबा परत आले, तेव्हा ती दारातच उभी होती. तिने मूठ उघडली. "आजोबा, मी मोजले नव्हते. नुसती खूण केली."

आजोबांनी रूळ दिव्यापाशी धरून पाहिला. ते रागावले नाहीत. किंचित खाली बसले मात्र. "एक रूळ नसला, म्हणजे त्याची जागा मोकळी राहते," ते म्हणाले. "शेजारचे रूळ तिरपे होऊ लागतात. भार सारखा वाटला जात नाही. काही दिवसांनी एखादा मोडतो आणि त्याचे तुकडे दंतचक्रांच्या दातांत सापडतात." मग ते उठले, भिंतीवरचा पाना काढला आणि तिच्या हाती दिला. "चल, झाकण उघड. उद्या सकाळी नव्हे, आताच. ठाऊक झालेली चूक रात्रभर तशीच ठेवली, तर सकाळी ती लहान वाटू लागते."

पेटी पुन्हा खुली होण्यास आणि पुन्हा बंद होण्यास तीन तास लागले. या खेपेस नातीने प्रत्येक रूळ मोठ्याने मोजला.

दुसऱ्या दिवशी इंजिन आणि पेटी जागेवर गेली. पेटीत सुमारे अडीच लिटर तेल ओतले. या पेटीला इंजिनाचेच तेल चालते. गिअरसाठी मिळणाऱ्या काही जहाल तेलांतील द्रव्ये कांशाची वलये खातात. तेव्हापासून तेलाची पातळी वेळोवेळी पाहणे, जुने तेल काढताना त्यात चुंबक फिरवणे आणि गाडीचा आवाज कान देऊन ऐकणे, ही कामे नातीकडे आली आहेत.

पहिल्या फेरीला आजोबांनी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी बराच वेळ चालवली. दोघेही काही बोलत नव्हते. रस्त्याकडेच्या झाडांतून वारा वाहत होता आणि तोच तेवढा ऐकू येत होता.

स्वाध्याय

१. चौथ्या गिअरमध्ये घरघर थांबली, यावरून नातीने कोणते अनुमान काढले? का?
२. कांशाच्या वलयाचे काम लेखकाने कोणत्या दृष्टान्ताने समजावले आहे? तुम्ही दुसरा दृष्टान्त सुचवा.
३. 'दांड्याला ते ठाऊक होते,' या उद्गाराचा अर्थ स्पष्ट करा.
४. रूळ सापडल्यावर नातीच्या मनात कोणते विचार आले? तिने जुन्या दांड्यावर नख का फिरवले असेल?
५. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू कोणी व कशी दुरुस्त केली, ते दहा-बारा ओळींत लिहा.