अडीच गुंठे, इंग्लंडचा पाऊस आणि आमची रोपं



या वेळचा परसबागेचा पाठ जरा लांबून आलाय, थेट इंग्लंडमधून. लेकीच्या बाळंतपणासाठी २०२४ च्या मार्चमध्ये मी लेस्टरला गेले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आले. व्हिसाच सहा महिन्यांचा. तिकडं काय काय बघितलं ते गटाच्या बैठकीत सांगून झालंय. इथं फक्त मातीचं सांगते.

पण आधी आमच्या गटाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं गाव सिन्नर तालुक्यात. २०२३ साली आमच्या गटातल्या आम्ही दहाजणींनी रोपवाटिकेसाठी अंतर्गत कर्ज घेतलं, बारा हजार. बियाणं, ट्रे, कोकोपीट, थोडं शेडनेट. मिरची, वांगी, टोमॅटो अशी रोपं केली. निम्मी विकायची, निम्मी आपापल्या परसबागेत. जुलैच्या शेवटी पाऊस बरा झाला आणि एका आठवड्यात सगळ्यांनी सगळी रोपं लावून टाकली. मग ऑगस्ट आला. १९०१ पासून नोंदी ठेवल्या जातात, त्यात देशभरातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. घागरीनं पाणी घालून घालून किती घालणार? रोपं गेली. विकलेल्या रोपांचीही तीच गत, त्यामुळं पुढं कुणी घ्यायला आलं नाही. हप्ते थकले. दोघीजणी बैठकीला यायच्याच बंद झाल्या. रोपं गेल्याचं दुःख होतंच, पण त्या दोघींच्या रिकाम्या जागा बैठकीत जास्त टोचायच्या.

तर हे डोक्यात घेऊन मी तिकडं गेले होते.

तिकडं गावाशहरात नगरपालिका लोकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे वर्षाच्या भाड्यानं देते. त्याला ‘अलॉटमेंट’ म्हणतात. मागणी असेल तर असे तुकडे द्यायलाच पाहिजेत, असा कायदाच आहे, १९०८ चा. पूर्ण तुकडा म्हणजे त्यांच्या जुन्या मापानं दहा रॉड, साधारण अडीचशे चौरस मीटर. आपल्या भाषेत अडीच गुंठे. लेकीनं त्यातला अर्धा घेतला होता आणि बाळामुळं तो तसाच पडून होता. मी म्हटलं, आपण आहोत तोवर करू काहीतरी.

शेजारच्या तुकड्यावर एक गोऱ्या आजी यायच्या. वय सत्तरीच्या पुढं, गुडघ्याला पट्टा, हातात खुरपं. मला इंग्रजी बेताचंच, त्यांना मराठी शून्य. पण खुरपं धरलेल्या दोन बायकांना फार बोलावं लागत नाही. अडलं की लेकीला फोन लावायचा.

एप्रिलच्या मध्यावर दोन दिवस छान ऊन पडलं. वीस अंशाच्या वर. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ‘रनर बीन’ची रोपं केली होती, आपल्या घेवड्याच्या जातीचा वेल असतो तो, लाल फुलांचा. ती उचलली आणि लावून टाकली. आजी बोट हलवून नाही नाही म्हणत होत्या. मला वाटलं, एवढं ऊन आहे, यांना काय कळतंय. (आमच्या गावच्या उन्हाळ्यावर वाढलेली मी.) एप्रिलच्या शेवटी एका रात्री दव गोठलं. सकाळी गवत मीठ पसरल्यासारखं पांढरं आणि माझी रोपं उकडलेल्या पालेभाजीसारखी काळी. पानातलं पाणी गोठतं, पेशी फुटतात आणि ऊन आलं की झाड लोळतं. घेवडा, भोपळा, टोमॅटो या सगळ्यांना तेच.

आजींनी मग आपली वही दाखवली. त्यात वर्षवार शेवटचं दव कधी गोठलं ते लिहिलेलं. त्या भागात मेच्या मध्यापर्यंत, कधी अखेरपर्यंत भरवसा नसतो. त्यामुळं त्या तीन गोष्टी करतात. एक, रोप घरात वाढलं म्हणून लगेच बाहेर लावत नाहीत. आठ-दहा दिवस ट्रे सकाळी बाहेर, रात्री आत. पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत न्यायचं, वारं आणि ऊन अंगवळणी पडू द्यायचं. दोन, पातळ पांढरं कापड कायम हाताशी. आपल्याकडं कलिंगडावर क्रॉप कव्हर टाकतात तसंच. थंडीचा अंदाज आला की संध्याकाळी पांघरायचं. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. आजी एका वेळी सगळं पेरतच नाहीत. ओळभर बी आज, ओळभर पंधरा दिवसांनी, ओळभर त्यानंतर. एक गेली तरी दोन राहतात. मी काही बोलले नाही, पण मला आमचे ट्रे आठवले. दहाजणी, एक आठवडा.

दुसऱ्या खेपेची रोपं मी मेच्या मध्यात लावली, शहाण्यासारखी. ती गोगलगायींनी खाल्ली!

त्या वर्षी तिकडचा वसंत ऋतू ओला गेला आणि बिनशंखी गोगलगायी उदंड झाल्या. दिवसा एक दिसायची नाही. रात्री दहाला टॉर्च घेऊन गेलं की पानागणिक एक. तिकडं त्यांच्या चाळीसहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या मोजक्याच आपल्या पिकाला खातात. बाकीच्या कुजकं, सडकं खाऊन खत करतात. पट्टेरी मोठी एक असते, ती दुसऱ्या गोगलगायींनाही खाते. म्हणून दिसली की मारली असं आजी करत नसत. त्या निवडून उचलायच्या.

मी घरून अंड्याची टरफलं चुरून नेली आणि रोपांभोवती टाकली. आपण सगळ्याच करतो तसं. आजी हसल्या. तिकडं रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी नावाची १८०४ पासूनची मोठी संस्था आहे. त्यांनी सॅलडच्या पानांवर नीट प्रयोग करून २०१८ मध्ये सांगितलं की अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी, खडी, झाडाची साल, लोकरीच्या गोळ्या, यातल्या कशानंही फरक पडला नाही. उघड्या रोपांइतकीच ही रोपंही खाल्ली गेली. आता मला सांगा, किती वर्षं आपण ही टरफलं जपून ठेवतोय?

मग उपयोग कशाचा होतो? रोप चांगलं वीतभर होईपर्यंत घरातच ठेवायचं, कोवळं कोंब बाहेर काढायचं नाही. पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घालायचं, म्हणजे रात्री माती वरून कोरडी राहते आणि त्यांना सरकायला अवघड जातं. फळी किंवा ओलं पोतं टाकून ठेवायचं, सकाळी त्याखाली जमा झालेल्या उचलायच्या. आणि बीअर! हो, बीअर. पेला जमिनीत पुरायचा, काठ दोन सेंटिमीटर वर ठेवायचा म्हणजे चांगले किडे पडत नाहीत, आणि त्यात थोडी बीअर. गावात दारूबंदीच्या मोर्चात पुढं असणारी मी, तिकडं रोज संध्याकाळी गोगलगायींना बीअर पाजत होते. यजमानांना फोनवर सांगितलं तर ते दहा मिनिटं हसत होते. खरं तर त्यांना ओढतो तो यीस्टचा वास. साखरपाण्यात यीस्ट घातलं तरी चालतं.

मेटाल्डिहाईडच्या विषारी गोळ्या तिकडं बाहेर वापरायला २०२२ पासून बंदी आहे, कारण त्या पक्षी आणि प्राण्यांच्या पोटात जातात. आपल्याकडं त्या मिळतात. लातूर, बीड, धाराशिवकडच्या ताईंना हे जास्त कळेल, २०२२ च्या खरिपात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन कसं फस्त केलं ते. तिथंही संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाकडेनं टाकायची, सकाळी गोगलगायी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, हाच भरवशाचा उपाय. उघड्या हातानं उचलू नका, त्यांच्यापासून माणसाला आजार होऊ शकतो. हातात मोजे नाहीतर प्लास्टिकची पिशवी घाला. गोळ्या वापरल्याच तर कोंबड्या, कुत्री, लेकरं यांच्यापासून लांब, एवढं तरी पाळा. आणि सगळ्या गावानं एकाच वेळी केलं तरच जमतं. एकीनं वेचल्या आणि शेजारणीनं नाही, तर काय फायदा?

तिकडं एक प्राणी मला फार आवडला. हेजहॉग. साळिंदराचं पिल्लू वाटावं असा काटेरी, पण साळिंदर नव्हे. मुठीपेक्षा थोडा मोठा. रात्री फिरतो आणि किडे, अळ्या, गोगलगायी खातो. त्याला एका बागेतून दुसरीत जाता यावं म्हणून लोक कुंपणाला मुद्दाम भोक पाडतात, १३ सेंटिमीटर रुंद, तेवढंच उंच, म्हणजे पाच इंच. बशीत पाणी ठेवतात. दूध ठेवत नाहीत, ते त्याला बाधतं. पाचटाचा ढीग पेटवायच्या आधी ढवळून बघतात, आत झोपलेला असेल म्हणून. आपण कुंपण घालतो ते कुणी येऊ नये म्हणून, आणि हे कुंपणाला दार ठेवतात. रानडुक्कर आणि माकडं बघितलेल्या आपल्या ताईंना हे पटणार नाही. मलाही आधी पटलं नव्हतं. पण तिकडंही त्रास देणारे आहेतच. रानकबुतरं कोबीचा नुसता सांगाडा ठेवतात, त्यामुळं कोबीवर जाळी. ती ताणून बांधायची, सैल सोडली की पक्षी आणि हा हेजहॉग त्यात अडकून मरतात. मावा आला तर आजी आठवडाभर काही करत नसत. ढालकिडे येतात आणि खातात. फवारलं तर ढालकिडेही मरतात आणि मावा आधी परत येतो.

जुलैत आजींनी एक दिवस बटाट्याचा हिरवागार पाला जमिनीलगत कापून टाकला. मी ओरडलेच. त्यांनी पानावरचे काळपट, भिजल्यासारखे डाग दाखवले, पानाच्या खालच्या बाजूला पांढुरकी बुरशी. करपा. आपल्या टोमॅटोवर पावसाळ्यात येतो तोच, उशिरा येणारा. याच रोगानं १८४५ पासून आयर्लंडमधला बटाटा गेला आणि दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. पाला कापून दोनेक आठवडे बटाटा जमिनीतच ठेवला की रोग खाली उतरत नाही आणि साल पक्की होते. आजी वाट बघत नाहीत, कारण रोग येण्याआधीची खूण त्यांना माहीत असते. सलग दोन दिवस रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली गेलं नाही आणि दोन्ही दिवस हवेतली आर्द्रता किमान सहा तास ९० टक्के किंवा जास्त राहिली, की करप्याची वेळ आली समजायचं. तिकडं शेतकऱ्यांना हा इशारा मिळतो. आपल्याला आर्द्रतेचं यंत्र नको. दोन दिवस झड, पानं दुपारपर्यंत ओली, वाळत घातलेलं लुगडं वाळत नाही, एवढं बघितलं तरी पुरे. त्या दिवशी खालची, मातीला टेकलेली पानं काढा, पाणी बुडाशीच घाला, झाडांत वारं खेळू द्या.

त्या उन्हाळ्यात मला स्वेटर घालून तण काढावं लागलं, २०१५ नंतरचा सगळ्यात थंड उन्हाळा होता तो. आणि आजी सांगत होत्या की दोनच वर्षांपूर्वी, १९ जुलै २०२२ ला, त्यांच्या देशात ४०.३ अंश झाले होते. चाळिशी तिकडं पहिल्यांदाच. बऱ्याच भागांत नळाला पाईप लावून बागेला पाणी घालायला बंदी होती. तेव्हापासून त्यांच्या छपराखाली पावसाच्या पाण्याची तीन पिंपं असतात. तिसऱ्या खेपेची घेवड्याची रोपं मला आजींनीच दिली. ऑगस्टमध्ये शेंगा इतक्या आल्या की लेकीच्या शेजाऱ्यांना वाटल्या.

परत आल्यावर मी गटासमोर वही ठेवली. खरं तर वही नाही, कालनिर्णय. दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकोनात पाऊस पडला की ‘पा’, पानं दिवसभर ओली राहिली की ‘ओ’, कीड दिसली की तिचं नाव. वर्ष झालं की तोच कागद आपलं पंचांग. २०२५ ला परत रोपं करायची ठरली, पण नव्या कर्जाला कुणी हात वर करेना. मग जुनेच ट्रे धुतले, बियाण्यापुरते पैसे काढले आणि तीन खेपा पाडल्या, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं. लावायच्या आधी आठ दिवस शेडनेटखालून बाहेर काढून ऊन दाखवायचं, पाणी थोडं कमी करायचं. पहिली खेप मेच्या शेवटी पावसानं कुजली. त्या वर्षी मान्सून २६ मेला मुंबईत पोचला होता, कुणाला वाटलं होतं? दुसरी आणि तिसरी राहिली. विकूनही झाली आणि दहा घरच्या परसबागाही लागल्या.

जुन्या बारा हजारांतले अडीच हजार अजून फिटायचे आहेत. न येणाऱ्या दोघींपैकी एक दुसऱ्या खेपेची वांग्याची रोपं न्यायला आली आणि पुढच्या बैठकीला बसली. दुसरीकडं मी तिसऱ्या खेपेतली वीस रोपं घेऊन गेले होते. घरी नव्हती. ओट्यावर ठेवून आले. परवा तिच्या दारावरून गेले तर मिरचीला फुलं होती.