वॉर्डातली ड्युटी हाही अभ्यासच

आपल्या वस्त्यांमधून अनेक मुली, आणि आता मुलेही, एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंगला जात आहेत. प्रवेश मिळाला की घरात आनंद होतो. पण मुलगी वॉर्डात ड्युटीला जाऊ लागली की आजी विचारते, "शिकायला गेलीस ना गं, मग बेडपॅन का उचलतेस?"

आजीचा प्रश्न चुकीचा नाही. जातीने लादलेली घाणीची कामे आपल्या पिढ्यांनी केली. मेलेली गुरे ओढणे सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले, तेव्हा आपण ते सोडले. मग हे काय?

फरक ज्ञानाचा आहे. बेडपॅन उचलताना विद्यार्थिनी लघवीचा रंग पाहते, ती मोजते, चार्टवर लिहिते. लघवी कमी झाली तर सिस्टरला लगेच सांगते. अंथरूण बदलताना पाठीवरचा लाल डाग तिला दिसतो, म्हणजे बेडसोरची सुरुवात वेळेत कळते. वर्गातला पुतळा कण्हत नाही, घाबरत नाही. ते सारे वॉर्डातच शिकायला मिळते.

विनयपिटकाच्या महावग्गात हगवणीने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर निजवले. शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुणही तिथे सांगितले आहेत: औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य जाणणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र व ओकारीची किळस न करणे, धम्माच्या बोलण्याने रुग्णाला धीर देणे. हे गुण रुग्णाजवळ राहूनच अंगी येतात.

मात्र शिकवणारे कोणी हवे. आधी सिस्टरने करून दाखवावे, मग आपल्या देखत करून घ्यावे, चुकले ते सांगावे. आडनाव पाहून नुसती झाडलोट वाट्याला येत असेल, तर ते शिक्षण नव्हे. तारीख-वार लिहून ठेवा आणि ट्यूटर व प्राचार्यांकडे लेखी तक्रार करा.

विद्यार्थ्यांनी एवढे पाळावे:

१. न शिकवलेले काम एकट्याने करू नका. विचारण्यात कमीपणा नाही.

२. औषध देण्याआधी रुग्णाचे नाव, औषध, मात्रा, वेळ आणि देण्याचा मार्ग तपासा.

३. हिपॅटायटिस-बी लसीचे तीनही डोस (० , १ व ६ महिने) घ्या.

४. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका आणि लगेच कळवा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागले तर ते शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. भीतीपोटी लपवू नका.

घरच्यांनीही एक करावे. रात्रपाळीहून आलेल्या लेकीला पाण्याच्या रांगेत उभे करू नका, झोपू द्या. संध्याकाळी तिला विचारा, "आज वॉर्डात काय शिकलीस?"

आणि आजीला ते उत्तर ऐकू द्या.

जय भीम!