बेस गप्प झाला तर?

सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावची यात्रा असो की सांगलीकडच्या एखाद्या लहानशा गावची जत्रा, रात्रीच्या ऑर्केस्ट्राला तुम्ही कधीतरी बसला असालच. समजा, गाणे रंगात आले आहे आणि एकाएकी ते पोकळ वाटू लागते. गायिकेचा आवाज येतो आहे, ढोलकीची थाप येते आहे, पण गाण्याचा पायाच कोणी काढून घेतल्यासारखे वाटते. मंचाच्या कोपऱ्यातला बेस गिटारवाला तारा छेडतो आहे, पण त्याचे काहीच ऐकू येत नाही. त्याचा ॲम्प्लिफायर, म्हणजे वर्धक, बंद पडला आहे.

गावाने वर्गणी काढून सुपारी दिलेली असते. दहा-बारा कलाकारांची त्या रात्रीची कमाई त्यावर असते. शिवाय रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही, हा नियम २००० सालापासून आहे. खास परवानगीच्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, एवढेच. तेव्हा दुरुस्तीत गेलेली वीस मिनिटे मागून भरून काढता येत नाहीत. म्हणून जाणते वादक वर्धक बंद पडल्यावर काय करायचे हे कार्यक्रमाच्या आधीच ठरवून ठेवतात. त्या ठरवण्यामागे तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातलेच भौतिकशास्त्र आहे.

बेस गिटारच्या चार तारा सेकंदाला सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ कंपने करतात. तारेखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेले प्रवर्तन ते हेच. हा दाब किती? ढोबळमानाने ०.१ व्होल्ट धरू. वर्धकाच्या तोंडाशी १० लाख ओहम रोध असेल, तर तिथे पोचणारी शक्ती दाबाचा वर्ग भागिले रोध, म्हणजे एका वॅटचा दहा कोटीवा भाग. दुसऱ्या टोकाला स्पीकरला २०० वॅट हवे असतात. म्हणजे शक्ती २,००० कोटी पट झाली! ही वाढीव शक्ती गिटारमधून येत नाही. ती विजेच्या खांबावरून येते. वर्धक फक्त तिला तारेच्या कंपनांचा आकार देतो. म्हणूनच खांबापासून मंचापर्यंत कुठेही काही बिघडले, की बेस मुका होतो.

पण मग बेसलाच एवढी शक्ती का लागते? कारण आपला कान खालच्या स्वरांना बराचसा बहिरा आहे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि आतून पडद्याने बंद असते. एका टोकाला बंद असलेल्या नळीचे अनुनादाचे गणित तुम्हाला ठाऊक आहे: तरंगलांबी नळीच्या चौपट, म्हणजे १० सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर कंपने येतात ३,४००. त्या आसपास आपला कान अतिशय तिखट असतो. तान्ह्या बाळाचे रडणे आणि सायकलची घंटी इतकी टोचते त्याचे एक कारण हे. उलट ४० कंपनांचा स्वर जेमतेम ऐकू यायला १,००० कंपनांच्या स्वरापेक्षा सुमारे ५० डेसिबेल, म्हणजे एक लाख पट अधिक तीव्रता लागते. आवाज मोठा असेल तेव्हा हा फरक कमी होतो, पण नाहीसा होत नाही. त्यात आणखी एक अडचण आहे. एकाच स्पीकरमधून तेवढाच ध्वनिदाब हवा असेल, तर कंपने निम्मी झाली की पडद्याला चौपट हलावे लागते. ४१० कंपनांच्या मानाने ४१ कंपनांना शंभरपट! बेसचे स्पीकर एवढे थोरले आणि वर्धक एवढा तापणारा का असतो, ते यावरून ध्यानात येईल.

आता मुद्द्याकडे येऊ. सर्वांना सुचणारी पहिली युक्ती म्हणजे दुसरा वर्धक बरोबर ठेवणे. ती चांगली आहे, पण वाटते तेवढी नाही. समजा, एक वर्धक शंभर कार्यक्रमांत एकदा बिघडतो. दोघांची बिघडण्याची कारणे वेगळी असतील, तर दोन्ही एकाच रात्री बिघडण्याची शक्यता दहा हजारांत एक. फार छान! पण दोन्ही वर्धक एकाच फळीवर, एकाच वायरीवर लावले आणि ती वायर शंभरांत एकदा दगा देणारी असेल, तर तुम्ही पुन्हा शंभरांत एकवर आलात. दुसऱ्या वर्धकाचे पैसे आणि त्याचे ओझे फुकट गेले. राखीव वस्तू निवडताना ती मूळ वस्तू ज्या कारणाने बंद पडते त्याच कारणाने बंद पडणारी नाही ना, हे आधी पाहावे लागते.

जत्रेत हे सामाईक कारण बहुधा वीजच असते. डीपीपासून मंचापर्यंत १०० मीटर वायर ओढली आहे असे धरू. जाऊन-येऊन २०० मीटर. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीला रोध सुमारे २.३ ओहम भरतो. दिवे, पंखे आणि वर्धक मिळून १० अँपिअर प्रवाह घेत असतील, तर ओहमच्या नियमाने २३ व्होल्ट वायरीतच गळतात आणि मंचावर २३० ऐवजी २०७ उरतात. बेसचा प्रत्येक ठोका पडला की दिवे मिचकतात ते याचमुळे. कित्येकदा 'वर्धक खराब झाला' अशी ओरड होते आणि वर्धक बिचारा धडधाकट असतो. त्याची उपासमार चाललेली असते. जाड वायर आणि मंचासाठी दिव्यांपासून वेगळी लाइन हा त्यावरचा उपाय. दुसरा वर्धक असलाच, तर तो जनरेटरच्या वेगळ्या लाइनीवर असावा.

अर्थिंगबद्दल मात्र थांबून सांगायला हवे. वर्धकातून घूं असा आवाज येऊ लागला की काहीजण प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. आवाज जातो, हे खरे. पण गिटारच्या तारा वर्धकाच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ते तुटले आणि वर्धकात बिघाड झाला, तर त्या तारांत २३० व्होल्ट येऊ शकतात. वादकाने दुसऱ्या हाताने किंवा ओठांनी माईकला स्पर्श केला की प्रवाह त्याच्या छातीतून जातो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्सी येथे लेस्ली हार्वी हा तरुण गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागताच मंचावरच गेला. कार्यक्रम बंद पडलेला चालेल, पिन काढलेली चालणार नाही.

वीज ठीक असेल, तर पुढे शोध कसा घ्यायचा? वर्धकाचा दिवा लागत नसेल तर फ्यूज पाहावा. त्याच मापाचा नवा फ्यूज एकदा घालावा. तोही उडाला तर आत खरा बिघाड आहे असे समजून वर्धक बाजूला ठेवावा. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळण्याचे धाडस कोणीही करू नये. दिवा लागतो पण आवाज नाही, अशा वेळी पहिला संशय गिटारच्या वायरीवर घ्यावा. ती सतत वळते, पायाखाली येते आणि पिनेपाशी आतल्या आत तुटते. एक पारखलेली वायर खिशात असली की दहा सेकंदांत निकाल लागतो. चैत्रातल्या यात्रेत वर्धकावर पडद्याचे कापड पडून त्याची भोके बुजली, तर तो तापून आपला आपण बंद होतो. अशा वेळी कापड काढून पंखा लावला की काही मिनिटांत पुन्हा सुरू होतो. स्पीकर वाढवण्याचा मोह टाळावा, कारण ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २. त्याखाली गेलेला ट्रान्झिस्टरचा वर्धक फार काळ टिकत नाही.

एवढे सारे करूनही वर्धक उठलाच नाही तर? इथे कामाला येते एक मुठीएवढी डबी. साउंडवाले तिला डीआय बॉक्स म्हणतात. साध्या प्रकारच्या डबीत असतो एक लहानसा ट्रान्सफॉर्मर. त्याचे फेऱ्यांचे प्रमाण १२ ला १ असेल, तर गिटारचा दाब बारावा हिस्सा होतो, पण पुढच्या वायरीला दिसणारा अंतर्गत अवरोध १२ च्या वर्गाने, म्हणजे १४४ पट घटतो. त्यामुळे हा संदेश तीस-चाळीस मीटर लांबच्या मिक्सरपर्यंत न मरता पोचतो. तो दोन तारांतून एकमेकांच्या उलट असा पाठवलेला असतो. वाटेत विजेच्या वायरींची ५० कंपनांची घरघर दोन्ही तारांत सारखीच शिरते आणि पलीकडे वजाबाकी केली की ती उडून जाते. संदेश मात्र उलटा असल्याने वजाबाकीत दुप्पट होतो. आहे की नाही गंमत?

या डबीला स्वतःला वीज लागत नाही, हे मला तिचे मोठेपण वाटते. ती कार्यक्रमाआधीच गिटार आणि वर्धक यांच्यामध्ये जोडून ठेवायची. एक फाटा वर्धकाकडे, दुसरा मिक्सरकडे. मिक्सरवरचा तो कप्पा बंदच असतो. वर्धक गेला की साउंडवाला एक बटण वर सरकवतो आणि बेस गावाच्या मोठ्या स्पीकरमधून येऊ लागतो. श्रोत्यांना कळतही नाही. मात्र घाईत वर्धकाची स्पीकरकडे जाणारी वायर कोणी मिक्सरमध्ये खुपसू नये. २०० वॅट आणि ८ ओहम म्हणजे ४० व्होल्ट होतात, आणि मिक्सरच्या माईकच्या तोंडाला हजारांश व्होल्टची सवय असते.

आता प्रश्न असा, की गावचा स्पीकर म्हणजे बोलण्यासाठी केलेला कर्णा असेल तर? कर्णा सुमारे ३०० कंपनांच्या खालचे जवळजवळ काहीच देत नाही. मग ४१ कंपनांचा स्वर त्यातून ऐकू कसा येणार? पण येतो! तार नुसती ४१ कंपने करत नाही. तिच्यात ८२, १२३, १६४, २०५ अशी उपस्वरांची माळ असते. वरचे उपस्वर तेवढे कानावर पडले, तरी त्यांच्यामधले ४१-४१ चे सारखे अंतर मेंदू ओळखतो आणि नसलेला खालचा स्वर भरून काढतो. म्हणून अशा वेळी बेसवाल्याने मिक्सरवर मधले स्वर वाढवावेत, तळाचे कमी करावेत आणि शक्य तिथे एक सप्तक वर वाजवावे. छातीत घुमणारा धक्का मिळणार नाही, पण चाल स्पष्ट राहील.

ही युक्ती सांगली जिल्ह्यातल्या मिरजेला नवी नाही. १९व्या शतकाच्या मध्यापासून तिथल्या शिकलगार घराण्यांनी तंबोरे घडवले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सत्तरच्या आसपास कंपने करते. तिथे ना वर्धक, ना स्पीकर. कारागीर करतो काय, तर घोडीचा माथा अगदी मंद उताराचा घासतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतो. तार घोडीला सारखी चाटत राहते आणि खर्जाची शक्ती वरच्या उपस्वरांत वाटली जाते, म्हणजे जिथे आपला कान तिखट आहे तिथे. हीच जवारी. जिथे तार छेडली तिथे ज्यांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर नियमाप्रमाणे ऐकू यायला नकोत. तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले.

उरली शेवटची पायरी. डीपीच उडाला, जनरेटरही बसला. बेस गिटारचे अंग भरीव असते, त्यामुळे विजेविना ती शेजाऱ्यालाही ऐकू जायची नाही. पण या भागाने विजेविना हजारोंची करमणूक केलेली आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केले, तेव्हा वीज कुठे होती? रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांचे गाव तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले. अमेरिकेत १९१५ साली पहिल्यांदा ध्वनिवर्धक लावून मोठ्या जमावाला गाणी ऐकवली गेली, तेव्हा बापूराव पन्नाशीला टेकले होते. मग मागच्या माणसाला लावणी ऐकू जायची कशी? उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने घटतो. ५ मीटरवरून ४० मीटरवर जाईतो १८ डेसिबेल गेले. फडाने याला दिलेले उत्तर म्हणजे टिपेचा सूर. झीलकरी गाण्याचा शेवट उंच सुरात उचलतात, विस्तवावर शेकून ताणलेली हलगी कडाडते, तुणतुणे आणि कडे किणकिणते. सगळे कानाच्या तिखट पट्ट्याजवळ. खालचा आधार सांभाळते ढोलकीची डावी, जाड आवाजाची बाजू. ऑर्केस्ट्राजवळ ढोलकी असतेच. वीज गेल्यावर कोणते गाणे तिच्यावर आणि टाळ्यांवर उभे करायचे, हे आधी ठरलेले असले की झाले.

घरी करून पाहण्यासारखे: मोबाइलवर स्वर काढणारे एखादे ॲप घेऊन ७० कंपनांचा शुद्ध स्वर त्याच्याच स्पीकरवर लावा, जवळजवळ शांतता ऐकू येईल. मग त्याच मोबाइलवर तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावा आणि खर्जाच्या तारेकडे कान द्या. आणि एक गणित: वरच्या उदाहरणात वायर दीड ऐवजी ४ चौरस मिलिमीटरची घेतली, तर मंचावर किती व्होल्ट उरतील?